सरकार म्हणजे नेमकं कोण?

(संविधान दिनानिमित्त २६ नोव्हेंबर २०२५ रोजी कुपवाड इथं शिक्षक, पालक आणि कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



‘विद्यार्थ्यांना शासनाची तीन अंगं कशी शिकवावीत’ या विषयावर बोलायचं, असं मला सांगितलं गेलं. समोर पंचवीस-पंचवीस वर्षं वर्गात उभे राहिलेले शिक्षक बसलेत आणि मी सॉफ्टवेअरची नोकरी करणारा माणूस. सुताराला रंधा कसा धरायचा हे सांगण्यातला प्रकार आहे हा. म्हणून मी शिकवण्याची पद्धत सांगणार नाही. इथं कुपवाडमध्ये गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी दोन तास आमचा वर्ग भरतो. सातवी ते दहावीची वीस-बावीस मुलंमुली येतात. बहुतेकांचे पालक एमआयडीसीत कामाला, काहींची रिक्षा, काहींचं गॅरेज. त्या वर्गात माझं काय चुकलं आणि काय थोडंफार जमलं, तेवढं सांगतो.

पहिल्या रविवारी मी फळ्यावर प्रश्न लिहिला होता, ‘सरकार म्हणजे कोण?’ उत्तरं भराभर आली. मोदी. पोलीस. तलाठी. लाइट घालवतात ते. नोटीस पाठवतात ते. एक मुलगी म्हणाली, “अब्बा ज्यांच्याकडं कागद घेऊन जातात आणि ‘उद्या या’ ऐकून परत येतात, ते.” सगळे हसले. मीही हसलो आणि तिथंच चुकलो. तिच्या उत्तरापासून सुरुवात करायची सोडून मी फळ्यावर तीन चौकोन काढले. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ अंमलबजावणी करतं, न्यायमंडळ न्याय देतं. मुलांनी उतरवून घेतलं. महिन्यानं तोंडी परीक्षा घेतली, सगळ्यांनी अचूक सांगितलं. मी खूश.

त्यानंतर पंधरा दिवसांनी नववीतल्या एका मुलानं मोबाइलवर एक रील दाखवलं. कुठल्या तरी राज्यात दंगलीनंतर एका घरावर बुलडोझर चालवलेला. त्यानं विचारलं, “सर, हे पाडायला कोर्टानं सांगितलं होतं का?” मी विचारलं, तुला काय वाटतं, फळ्यावरच्या तीनपैकी कुणी सांगितलं असेल? तो माझ्याकडं बघतच राहिला. तीन चौकोन त्याला तोंडपाठ होते. पण त्या चौकोनांचा आणि त्या घराचा काही संबंध असतो, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. ‘सरकारनं पाडलं’ इथं विषय संपला होता. आपल्या वस्तीत सरकार हा एकच अखंड डोंगर आहे. त्याला दारं किती, कुठलं दार कशासाठी, हे कुणी बघतच नाही. लांबून सलाम ठोकायचा, नाही तर लांबून शिवी घालायची.

यात पाठ्यपुस्तकाला सगळा दोष देता येत नाही. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत हे सगळं आहे. सहावीत स्थानिक शासनसंस्था आहेत, सातवीत संविधानाची ओळख आहे, आठवीत संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन आणि नोकरशाहीसुद्धा आहे. पण होतं काय, की महापालिका सहावीत शिकून होते आणि तीन मंडळं आठवीत येतात. मधल्या वर्षात महापालिका विसरलेली असते आणि आठवीत जे येतं ते दिल्लीचं असतं. म्हणून आम्ही वर्गात क्रम उलटा केला. आधी एक खेळ, मग महापालिका, मग बाकीचं.

खेळ साधा होता. वर्गाचे तीन गट केले आणि एक नियम करायला लावला. पहिल्या गटानं नियम केला, ‘दहा मिनिटांपेक्षा उशिरा येणाऱ्यानं त्या दिवशी बाहेर बसायचं.’ दुसऱ्या गटानं तो राबवायचा. तिसऱ्या गटाकडं तक्रारी. पुढच्याच रविवारी एक मुलगी अर्धा तास उशिरा आली. राबवणाऱ्या गटातल्या पोरानं तिला दारातच अडवलं. मोठ्या उत्साहानं, हे सांगायलाच हवं. अधिकार हातात आला की आठवीतल्या पोराचासुद्धा आवाज बदलतो. तिनं तिसऱ्या गटाकडं दाद मागितली. तिचं म्हणणं, गल्लीत पाणी नेमकं त्याच वेळी येतं, अम्मी कामावर असते, पाणी भरल्याशिवाय मला निघता येत नाही.

तिसऱ्या गटातल्या तीन मुलांनी वीस मिनिटं डोकं खाजवलं. त्यांचा निकाल असा होता : नियम करायचा अधिकार पहिल्या गटालाच आहे, आम्ही नवा नियम करणार नाही; पण कारण न विचारता कुणाला बाहेर बसवणं चूक आहे, आधी विचारा. पुढच्या रविवारी पहिल्या गटानं नियमात ‘योग्य कारण नसल्यास’ हे शब्द घातले. संविधानाचं एकही कलम न सांगता मुलं तिथवर पोचली. कायद्याच्या कॉलेजात याला नैसर्गिक न्यायाचं तत्त्व म्हणतात. आमच्या वर्गात त्याचं नाव ‘पाण्याची केस’ असं पडलंय.

त्या दिवशी एका पोरानं विचारलं, “सर, या तिघांत तुम्ही कोण?” मी म्हणालो, मी कुणीच नाही, मी फक्त बघतोय. तो म्हणाला, “पण गट तुम्ही पाडले, कुणी कुठल्या गटात जायचं हे तुम्हीच ठरवलं, आणि खेळ कधी बंद करायचा तेही तुम्हीच ठरवणार.” माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण पुढच्या धड्याची सोय झाली. मी म्हणालो, मग मी प्रशासक.

मुलांना तो शब्द माहीत होता. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. तेव्हापासून नोव्हेंबर २०२५ पर्यंत, सव्वादोन वर्षं, इथं निवडून आलेलं सभागृह नव्हतं. ७८ नगरसेवकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि कारभार प्रशासकाकडं होता. मी मुलांना विचारलं, ठराव कोण करतं? प्रशासक. ठराव राबवतं कोण? तेच. खर्चाला मंजुरी? तेच. अधिकारी चांगला की वाईट, हा प्रश्नच मी येऊ दिला नाही. माणूस उत्तम असेल. पण जो काम करतो त्यालाच ‘हे का केलं’ असं विचारायची जागाही त्याच्याकडंच असली, तर विचारणार कोण? मुलांना कुस्तीवरून पटकन समजलं. सांगलीचीच मुलं ती. मैदानात उतरलेला पैलवान स्वतःच पंच झाला, तर निकाल खरा असला तरी लोक मान्य करत नाहीत.

आता इथं मला सावध राहावं लागतं. महापालिकेतलं सभागृह म्हणजे विधानसभेसारखं कायदेमंडळ नव्हे. पण ठरवणारे वेगळे, राबवणारे वेगळे, ही रचना मुलांना डोळ्यांनी दिसणारी सगळ्यात जवळची जागा तीच आहे. संविधानाच्या २४३-यू या कलमात नगरपालिकांची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपण्याआधी पूर्ण व्हावी, असं स्पष्ट लिहिलं आहे. मुलांनी ते कलम वाचलं आणि लगेच विचारलं, “मग झाली का नाही?” मग ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना कुणी करायची याचा वाद, २०२२ मध्ये विधिमंडळानं त्यासाठी कायद्यात केलेला बदल, नंतर सरकारच बदललं, आणि या सगळ्यावर सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चाललेली सुनावणी, असं सगळं सांगावं लागलं. या वर्षी ६ मे रोजी न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली. एक मुलगी म्हणाली, “म्हणजे अडकलं पण कोर्टात, आणि सोडवलं पण कोर्टानंच?” अर्धं खरं आहे. तिघांनीही आपापला धागा ओढला की गाठ बसते, आणि मग ‘ही कुणामुळं बसली’ याचं एका नावाचं उत्तर देता येत नाही. मुलांना एका नावाचं उत्तर हवं असतं. मोठ्यांनाही हवं असतं.

मी ज्या धंद्यात आहे, तिथं एक नियम कटाक्षानं पाळतात. ज्यानं कोड लिहिला, त्यानंच तो तपासून मंजूर करायचा नाही, आणि ग्राहकाच्या चालू यंत्रणेवर चढवायचे अधिकार आणखी तिसऱ्याकडं. हे उदाहरण मी मुलांना फार हौसेनं द्यायचो. हल्ली देत नाही. कोड लिहिला तसाच चालतो, त्याचा अर्थ लावावा लागत नाही. कायद्याचा अर्थ लावावा लागतो आणि अर्थ लावणारी माणसं असतात. शिवाय आमच्याकडं चूक बहुधा नजरचुकीनं होते. राज्यकारभारात ती ठरवूनही केली जाते.

आणि ते तीन चौकोन. तेही मी आता वेगळे काढत नाही. कारण एका मुलानं विचारलं होतं, “मंत्री कुठल्या चौकोनात?” मंत्री विधिमंडळाचा सदस्य असतो, नसला तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. म्हणजे तो कायदा करणाऱ्यांतही आहे आणि राबवणाऱ्यांतही. हे नजरचुकीनं झालेलं नाही. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी तिन्ही अंगं एकमेकांपासून पूर्ण तोडावीत अशी दुरुस्ती मांडली होती. सभेनं ती फेटाळली. मंत्रिमंडळानं रोज सभागृहाला तोंड द्यावं, हा मार्ग निवडला. न्यायव्यवस्था मात्र कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करावी, हे कलम ५० मध्ये आलं. ते प्रत्यक्षात यायलाही वेळ लागला. फौजदारी खटले चालवणारे न्यायदंडाधिकारी आणि महसुली अधिकारी असलेले कार्यकारी दंडाधिकारी ही आजची विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं देशभर केली. ‘मॅजिस्ट्रेट’ म्हटलं की तहसीलदारही आणि न्यायाधीशही, हा आपल्या आजोबांच्या पिढीचा गोंधळ त्यांच्या अडाणीपणातून आलेला नव्हता. व्यवस्थाच तशी होती.

तिन्ही अंगं एकाच गोष्टीत कशी गुंततात, याचं यंदा आपल्याला घरबसल्या उदाहरण मिळालं. १८ ऑगस्टपासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडले. चाळीसहून अधिक वर्षांची मागणी होती, वकिलांनी आंदोलनं केली होती. मी मुलांना कामाला लावलं, हा निर्णय कुणाचा ते शोधून काढा. निम्म्यांनी ‘मुख्यमंत्र्यांचा’ लिहून आणलं. प्रत्यक्षात संसदेनं १९५६ मध्ये केलेला राज्य पुनर्रचना कायदा, त्याच्या ५१ व्या कलमानं उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना दिलेला अधिकार, त्यासाठी लागणारी राज्यपालांची मान्यता, आणि जुन्या इमारतीची डागडुजी करायला शासनाचं बांधकाम खातं, इतके हात त्याला लागले. ज्या कामासाठी इथल्या माणसाला रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागायची, ते आता साधारण पन्नास किलोमीटरवर आलं. मुलांना कलम लक्षात राहिलं नसेल, पण एसटीचं तिकीट नक्की राहिलं.

आता त्या रीलकडं येतो, कारण तो पोरगा मला सोडत नव्हता. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याच विषयावर निकाल दिला, न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी. कार्यकारी यंत्रणेला न्यायाधीश होता येणार नाही, एखाद्यावर आरोप आहे किंवा तो दोषी ठरला आहे म्हणून त्याचं घर पाडता येणार नाही, हे त्याचं सार. पाडायचंच असेल तर किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह लेखी आदेश. सार्वजनिक रस्ता, रेल्वेमार्ग, नदी अशा जागेवरच्या अतिक्रमणांना हे लागू नाही, हेही मी सांगितलं, कारण ते सांगितलं नाही तर पोरं अर्धवट माहितीवर भांडायला जातात. मग तो मुलगा म्हणाला, “सर, म्हणजे आपली पाण्याची केस.” मी तीन वर्षांत ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर.

एका जाणत्या पालकांनी त्यावर मला अडवलं होतं. ते म्हणाले, आपल्याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारानं न्यायदान मंडळं चालवली, निकाल दिले, शिक्षाही केल्या. तेव्हा कुठं होती तुमची तीन अंगं? प्रश्न रास्त आहे. १९४३ ते ४६ चा तो काळ, परकी सत्ता आणि गावोगावचे सावकार-दरोडेखोर. लोकांनी त्या मंडळांवर विश्वास टाकला, हे खरं. पण शोध घेणारे, निवाडा करणारे आणि शिक्षा देणारे एकाच चळवळीतले होते, हेही खरं. ते लढाईच्या काळात चाललं. शांततेच्या काळात तीच रीत चालू द्यायची का, यावर वर्गात दोन रविवार वाद झाला आणि निकाल लागला नाही.

शेवटचा विषय आपल्या घरातला आहे आणि तो मी टाळत होतो. दहावीतल्या एका मुलीनं काढला. “सर, तीन तलाक कोर्टानं बंद केला की सरकारनं?”

मी तिला १८ एप्रिल १९६६ पासून सांगायला सुरुवात केली. हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम बायका मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेल्या आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना निवेदन दिलं. सातच. त्या कायदेमंडळाच्या दारात गेल्या, कारण त्यांना कायदा बदलून हवा होता. विवाह आणि घटस्फोट हे विषय समवर्ती सूचीत येतात, म्हणून राज्याचं दार ठोठावणं चूक नव्हतं. पुढं शाहबानो दुसऱ्या दारातून गेल्या. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पोटगीचा हक्क दिला. १९८६ मध्ये संसदेनं कायदा करून त्या निकालाची धार काढली. २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात न्यायालयानं तो कायदा वैध ठरवला, पण त्याचा अर्थ असा लावला, की इद्दतच्या मुदतीतच नवऱ्यानं बाईच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद करून ठेवायची. २२ ऑगस्ट २०१७ ला शायराबानो खटल्यात एका दमातला तीन तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. अल्पमतातल्या दोन न्यायमूर्तींचं म्हणणं होतं, की हे काम संसदेचं आहे, तिनं कायदा करावा. मग सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारनं वटहुकूम काढला आणि २०१९ मध्ये संसदेनं तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा कायदा केला. तो कायदा असा फौजदारी असावा का, यावर या सभागृहातच दोन मतं असतील. असू देत. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘आधी कोर्टानं, मग संसदेनं, आणि त्याआधी सात बायकांनी’ असं आहे.

हे मला इतकं तपशिलात का माहीत आहे, तेही सांगतो. २००४ मध्ये माझ्या खालाला तिच्या नवऱ्यानं चिठ्ठीवर तीन वेळा लिहून तलाक दिला. पदरात चार वर्षांची मुलगी. घरच्यांनी चार जाणत्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, झालं ते झालं, मेहर आणि इद्दतचे पैसे घ्या. खालानं ते घेतले आणि आमच्याकडं राहायला आली. त्याच्या दोन वर्षं आधी, २००२ मध्ये, आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठानं दगडू पठाण खटल्यात सांगितलं होतं, की तलाकला रास्त कारण लागतं, समेटाचा प्रयत्न लागतो, आणि हे सगळं कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. म्हणजे ती चिठ्ठी कोर्टात टिकलीच नसती. आमच्या घरात हे कुणालाही माहीत नव्हतं. मी तेव्हा दहावीत होतो. इतिहास-नागरिकशास्त्राच्या पेपरात न्यायमंडळाची कामं मी व्यवस्थित लिहून आलो होतो, आणि खाला शेजारच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली होती.

मागच्या महिन्यात तिला मी रविवारच्या वर्गात आणलं. मागं भिंतीला टेकून बसली. पाण्याची केस ऐकताना हसली. सगळे गेल्यावर मला म्हणाली, “तब मैं कां जाना था रे?” मी म्हणालो, मिरजेच्या कोर्टात, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं, पोटगीच्या अर्जासाठी. मग गेल्या वर्षीच्या १० जुलैच्या निकालाचं सांगितलं, की तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही इतर बायकांसारखाच पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखाली अर्ज करता येतो. पूर्वी ते १२५ होतं, नव्या संहितेत १४४ झालं. तिनं ते दोन्ही आकडे माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. एकवीस वर्षांनंतर स्वतःसाठी काही करायचं तिच्या मनात नाही. तिच्या शिलाईच्या कामावर एक पोरगी येते, तिच्यासाठी हवं होतं.

त्या पोरीला घेऊन ती येत्या रविवारी येणार आहे. आमच्या ओळखीच्या वकीलताई साडेदहाला येतील. तुमच्यापैकी ज्यांना वर्ग बघायचा असेल त्यांनी या, फक्त वेळेवर या. उशिराचं कारण मुलं विचारतात.